सिस्टरच्या अकरा कादंबऱ्या

खोली दाखवायला नेताना त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. पहिला, नळ नीट बंद करतेस का. दुसरा, कादंबऱ्या वाचतेस का. पहिल्याला मी हो म्हणाले, ते खरं होतं. दुसऱ्यालाही हो म्हणाले, ते अर्धंच खरं होतं. कॉलेजात असताना चार-पाच वाचल्या होत्या, नंतर नोकरी लागली आणि मोबाईल आला.

"शेवटची वाचली तिले किती मार्क देशील?" जिना चढता चढता त्यांनी विचारलं.

"आठ," मी घाबरून म्हणाले.

त्या थांबल्या, मागे वळल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "दहापैकी आठ? अशी कोणती होती वं?"

मला नाव आठवेना.

"नाव आठवत नाही, अन् आठ," असं म्हणून त्या पुढे चढायला लागल्या. खोली मात्र मला मिळाली.

नागपुरात सदर भागातल्या मागच्या गल्लीतलं ते दोन मजली घर. खाली त्या एकट्या, वर मी. मी यवतमाळहून बदली होऊन आले होते आणि माझं विम्याचं ऑफिस तिथून जवळ होतं. गल्लीत त्यांना सगळे सिस्टर म्हणत. कामठीच्या एका दवाखान्यात चौतीस वर्षं नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या, त्यालाही बारा वर्षं होऊन गेली होती, पण भाजीवाल्यापासून शेजारच्या वकिलांपर्यंत कोणी त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. पहिल्या आठवड्यात मी त्यांना काकू म्हणाले. त्यांनी ओच दिली नाही. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा म्हणाल्या, "काकू व्हायले काका लागते. मले सिस्टर म्हण."

घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. साडी फिकी, बारीक काठाची, खळ घातलेली. चालणं असं की मागे येऊन उभ्या राहिल्या तरी कळायचं नाही. झोपलेल्यांना उठू न देता चालायची सवय पायात मुरली होती. चहाचा कप हातात देताना त्यांची दोन बोटं सहज आपल्या मनगटावर टेकत, आणि आपल्याला वाटायचं माया करताहेत. त्या नाडी बघत असत. एकदा मी ऑफिसातून आले तर माझ्या पलंगावरची चादर चारी कोपऱ्यांत कडक दुमडून खोचलेली. "खिडकी लावायले वर आली होती," त्यांनी सांगितलं. "अशा चादरीवर माणूस कसं झोपते, मले समजत नाही."

आणि कादंबऱ्या. कथा नाही, कविता नाही, आत्मचरित्र तर मुळीच नाही. "कथा म्हणजे ओपीडी," त्या म्हणायच्या. "आला, दाखवलं, गेला. कादंबरी कशी ॲडमिट होते. रोज तिच्यापाशी जावं लागते, तवा समजते काय दुखून राहिलं ते." महिन्याला सहा-सात व्हायच्या. प्रत्येक कादंबरीला दहापैकी मार्क, आणि त्याचे नियम ठरलेले. पुस्तक कितीही रटाळ असो, शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मार्क द्यायचे नाहीत. संपलं त्या दिवशी द्यायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर द्यायचे, कारण संपताना माणूस हळवा झालेला असतो आणि हात सैल सुटतो. पन्नास पानांत कोणी जेवलंच नाही तर अर्धा मार्क कमी. आजारी माणूस एकदा खोकून लगेच मेला तर पूर्ण एक कमी. दहा त्यांनी कोणालाच दिले नव्हते, नऊसुद्धा नाही.

एका जुन्या डायरीत त्याची नोंद असे, वॉर्डातल्या शेऱ्यांसारखी तुटक. "पाच. शेवट घाईत." "साडेसहा. सासू चांगली. अशा पाहिल्या आहेत." "तीन. सगळे एकसारखे बोलतात, लहान मूलसुद्धा." एक शेरा मला अजून पाठ आहे: "चार. नवरा वाईट आहे, पण लेखकाला ते माहीत नाही."

पुस्तकं यायची बर्डीच्या बाजारातल्या एका वाचनालयातून. पुस्तक परत करायच्या आधी त्या शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक आकडा लिहीत आणि त्याला गोल करत. ग्रंथपाल साठी उलटलेले, अगदी हळू बोलणारे गृहस्थ होते. सुरुवातीला ते प्रत्येक आकडा खोडरबरानं पुसायचे. मग वाचक काउंटरवर येऊन विचारायला लागले, यातले मार्क कुठं गेले. लोक पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान उघडत. ग्रंथपालांनी खोडरबर ठेवून दिलं.

माझ्या वाट्याला आला तो मे महिना. एप्रिलच्या शेवटी मेट्रोच्या खांबाजवळ सांडलेल्या वाळूवरून माझी स्कूटी घसरली आणि उजव्या पायाचं घोट्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. आई यवतमाळला वहिनीच्या बाळंतपणात होती. ती निघतच होती, तर सिस्टरनी माझ्या हातातून फोन घेतला. "तुम्ही तिकडं बाळंतीण पाहा. इकडं मी आहो." दुसऱ्या दिवशी माझा पलंग खालच्या हॉलमध्ये आला, कूलरच्या वाऱ्याच्या रेषेत, खिडकीला वाळ्याचा पडदा. पारा पंचेचाळीसच्या वर. नऊ वाजले की सगळी दारं बंद आणि घरात हिरवट अंधार. प्लास्टरच्या आत खाज सुटली म्हणून मी विणकामाची सुई मागितली, तर असं रागावल्या की मी पुन्हा कधी खाजेचं नावसुद्धा काढलं नाही.

तीन-चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं, सिस्टर पुस्तक घेऊन बसतात पण पान उलटत नाहीत. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अक्षरं वाकडी दिसून राहिली. खिडकीचे गजही वाकडे दिसतात. डॉक्टर म्हणते नंबर वाढला. चष्मा यायले महिना आहे."

"मी वाचून दाखवू?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. त्यांना कोणाकडून काही करून घेणं जमत नसे. "वाच," शेवटी म्हणाल्या. "पण आवाज चढवायचा नाही अन् रडायचं नाही. अन् मार्क दोघींनी वेगवेगळे द्यायचे."

सकाळी दहा ते साडेबारा आणि दुपारी चार ते साडेसहा. एकतीस दिवसांत अकरा कादंबऱ्या. डायरीत मी दोन रकाने आखले, एक त्यांचा, एक माझा. आज मला त्या अकरांपैकी चार-पाचच धड आठवतात, पण प्रत्येकीवरून झालेलं भांडण आठवतं. पहिलीतल्या नायकाचं लग्न मोडतं आणि तो दोनशे पानं थंड हवेच्या गावात हिंडतो. मी सात दिले. सिस्टर म्हणाल्या, "याले सुट्टी कोणं दिली पण?" आणि साडेतीन. तिसरीतली नायिका खोकायला लागली तसं त्यांनी माझं वाचन थांबवलं. "थुंकी तपासली का?" मी पुढची पानं चाळून पाहिली, नव्हती तपासली. "सहा महिन्याचा कोर्स आहे, पोट्टी ठणठणीत होते. अन् हे सारे खिडकीपाशी उभं राहून उसासे टाकून राहिले." त्या पुस्तकाला अडीच.

मी सातच्या खाली उतरत नसे. "तू मार्क देऊन राहिली का प्रसाद वाटून राहिली?" त्यांनी एकदा विचारलं. पण पाचव्या पुस्तकाला, एका तालुक्याच्या गावातल्या तार मास्तरणीच्या गोष्टीला, त्यांनी साडेआठ दिले आणि मी चकित झाले. कारण विचारलं. म्हणाल्या, "या बाईचे पाय दुखतात. साऱ्या पुस्तकात तीनदा. लिहिणाऱ्याले माहीत आहे ती दिवसभर उभी होती म्हणून." त्या दिवशी पहिल्यांदा मी माझं नऊ खोडून त्यांच्याइतकं साडेआठ केलं, आणि मला वाटलं, मला थोडंफार कळायला लागलंय.

मग सातवी कादंबरी आली. नागपूरच्याच एका निवृत्त प्राध्यापकांची ती एकुलती एक. एका मुलाची आणि त्याच्या आईची गोष्ट. शेवटी आईला अर्धांगवायूचा झटका येतो, ती तीन महिने अंथरुणावर असते आणि मुलगा दूरच्या गावाहून तिला भेटायला येत राहतो. उशीवर सकाळचं ऊन, आईचा शांत चेहरा, नीट विंचरलेले पांढरे केस. वाचताना माझा आवाज दोनदा अडकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठ दिले. सिस्टरनी दोन. आणि नेहमी फक्त आकडा लिहिणाऱ्या बाईनं यावेळी पान डोळ्याशी धरून, चाचपडत, आकड्याखाली एक वाक्यही लिहिलं: "आईकडे कोणी पाहिले नाही."

पाच दिवसांनी दुपारी चारला दार वाजलं. बाहेर डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले, उंच, घामाघूम गृहस्थ. हातात तेच पुस्तक. वाचनालयात कोणीतरी ते पान त्यांना दाखवलं होतं आणि त्यांनी ग्रंथपालांकडून पत्ता काढला होता.

"हे तुम्ही लिहिलंत?" ते उंबऱ्यातूनच म्हणाले.

"हाव. आत या आधी. उन्हाचे आले."

"मी बसायला आलेलो नाही."

सिस्टरनी त्यांचं मनगट धरून त्यांना खुर्चीत बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि बोटं नाडीवरच ठेवली. "जोरात चालून राहिली. पाच मिनिट बोलू नका." भांडायला आलेला तो माणूस पाच मिनिटं गप्प बसला, आणि सिस्टर घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. मी प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून हे सगळं बघत होते, आणि हसू आवरत नव्हतं.

"आता बोला," त्या म्हणाल्या.

"दोन मार्क. कशाच्या आधारावर? भाषा, रचना, काहीतरी निकष असतील ना?"

"भाषा चांगली आहे. ही पोट्टी रडली वाचताना. मी एवढंच इचारते, तीन महिने ती माय अंथरुणावर आहे. तिची कूस कोणं बदलली?"

"म्हणजे?"

"दर दोन तासानं बदलावं लागते, नाही तं पाठीले जखमा होतात. तिले कोणं भरवलं? गिळता येत होतं का? चादर किती वेळा बदलली? तुमच्या पुस्तकात तिची चादर तीन महिने पांढरीच्या पांढरी आहे."

"हे सगळं कादंबरीत लिहायचं नसतं."

"नसेल. मग तीन महिने काहून लिहिले? एक दिवस लिहायचा होता."

ते मग पुस्तकाकडे बघत म्हणाले, "माझीच आई होती ती. मी पुण्याला नोकरीत होतो तेव्हा. पंधरा दिवसांतून एकदा यायचो."

माझं हसू गेलं. सिस्टरचा आवाज मात्र बदलला नाही. "मग तिच्यापाशी कोण होतं?"

"एक बाई ठेवली होती. दिवसरात्र राहायची."

"नाव काय तिचं?"

ते आठवायला लागले. आम्ही दोघी बघत होतो. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. त्यांना नाव आठवेना.

"तिचं नाव पुस्तकात असतं तं मी पाच दिले असते," सिस्टर म्हणाल्या.

ते उठले, दुपट्टा घेतला आणि पुस्तक टेबलावर तसंच ठेवून उन्हात निघून गेले. त्यांच्यापुढे ठेवलेला पन्ह्याचा पेला भरलेलाच राहिला.

मी सिस्टरवर चिडले. इतकी चिडेन असं मलाही वाटलं नव्हतं. "त्यांची आई होती ती, सिस्टर."

"माझ्या वॉर्डात साऱ्या कोणा ना कोणाच्या मायाच होत्या," त्या म्हणाल्या, आणि पेला उचलून आत गेल्या.

दोन दिवस आम्ही वाचलं नाही. त्या वेळेवर औषध देत, ओल्या टॉवेलनं माझी पाठ पुसत, मला न उठवता एका कुशीवर वळवून खालची चादर बदलत, इतक्या सफाईनं की माझा पाय हलायचासुद्धा नाही. बोलत मात्र नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर म्हणाल्या, "मी त्याले मायचं तसं बोलायले नव्हतं पायजे."

"मार्क वाढवायचे का मग?"

"मार्क कायले? बोलली ते चुकलं. मार्क नाही चुकले."

वाचन पुन्हा सुरू झालं. आठवी संपली, नववी लागली. नवव्या कादंबरीचे मार्क लिहायला मी डायरी उघडली तेव्हा तिच्या प्लास्टिकच्या कव्हरमधून घडी केलेला एक कागद खाली पडला. डोळ्यांच्या दवाखान्याचा. तारीख मार्चची होती. चष्म्याचा कुठं उल्लेखही नव्हता. डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, आत रक्त झिरपतंय, डोळ्यात इंजेक्शन ताबडतोब सुरू करावं, उशीर केल्यास नजर परत येणार नाही. "ताबडतोब"खाली डॉक्टरांनी दोन रेघा मारल्या होत्या.

सिस्टर स्वयंपाकघरात होत्या. मी कागद उशीखाली ठेवला. तीन दिवस तो तिथंच होता. रोज वाटायचं, आज विचारू. पण विचारायचं कसं? चौतीस वर्षं लोकांना औषधं वेळेवर घ्यायला लावणारी ती बाई होती, आणि मी, तिच्या हातून जेवणारी भाडेकरू.

चौथ्या दिवशी सकाळी प्राध्यापक पुन्हा आले. यावेळी आपणहून बसले.

"गिरजाबाई," ते म्हणाले. "त्यांचं नाव गिरजाबाई."

"आठवलं?"

"नाही. खोटं कशाला बोलू? नाही आठवलं. बहिणीला फोन केला, तिलाही आठवेना. जुन्या शेजाऱ्यांकडे गेलो, तिथून त्यांच्या भाच्याचा पत्ता मिळाला. कामठीला असतात, मुलीकडे. यंत्रमागांच्या वस्तीत. इतका खडखडाट की त्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं. कालच गेलो होतो."

सिस्टर पुढे सरकून बसल्या. "अन्?"

"त्यांना सगळं आठवतंय. आई भरवू द्यायची नाही म्हणे, भांडं फेकायची. शिव्या द्यायची. माझी आई! अशा शिव्या की गिरजाबाई मला सांगताना पदर तोंडाला लावून हसत होत्या. पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यांनी दोन महिने धुऊन धुऊन बऱ्या केल्या. मला यातलं काहीच माहीत नव्हतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "कारण मी यायचो त्या दिवशी आई त्यांना पहाटे उठवायची. केस विंचरून घ्यायची, नवी चादर घालायला लावायची, पलंग खिडकीकडे सरकवायला सांगायची. म्हणायची, तो येऊन राहिला, त्याले हे काही दिसू देऊ नका."

सिस्टर खुर्चीत मागे टेकल्या.

"म्हणजे तुम्ही जे पाहिलं तेच लिहिलं," सिस्टर म्हणाल्या.

"हो. तिनं दाखवलं तेवढं."

"हे लिहा आता."

"लिहीन की नाही, माहीत नाही. लिहिलंच तर किती द्याल?"

"वाचल्याशिवाय कशी सांगू?"

ते हसले. सिस्टरही हसल्या. आणि मला काय झालं कोण जाणे, मी उशीखालचा कागद काढला आणि पाहुण्यांसमोर टीपॉयवर ठेवला.

"सिस्टर, त्यांच्या आईनं मुलाला दिसू दिलं नाही. तुम्ही मला दिसू दिलं नाही. चष्मा कधी येणार होता?"

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला नाही. नुसता कागदाचा रंग बघूनच त्यांना कळलं. उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज झाला, मग तोही थांबला. प्राध्यापकांनी तोवर कागद वाचून काढला होता.

"मी हजारो इंजेक्शनं देली," आतून आवाज आला. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "लेकरांना देली, मिलिटरीतल्या जवानांना देली. घाबरू नका, मुंगी चावल्यासारखं होते, म्हणून साऱ्यांना सांगितलं. पण ही डोळ्यात घालतात वं. उघड्या डोळ्यात. सुई येतानी दिसत असन."

मी कुबड्या घेऊन उठले. पाय धड असता तर धावले असते. इथं खुरडत खुरडत दारापर्यंत गेले. सिस्टर ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि पदरानं तोच डोळा टिपत होत्या.

"वाटलं, तुझा पाय बरा होईस्तोवर वाचून घेऊ," त्या म्हणाल्या. "मग जे होईन ते होईन."

मागून प्राध्यापक म्हणाले, "माझी गाडी आहे. उद्या सकाळी साडेआठला येतो."

"मी येणार नाही."

"नाडी बघायची का तुमची?" ते म्हणाले.

सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर खाली केला. "साडेआठले ऊन होते," म्हणाल्या. "आठले या."

पुढचं सांगून टाकते, कारण लोक तेच विचारतात. डावा डोळा फारसा वाचला नाही. त्यानं त्यांना आता कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. उजव्यातही सुरुवात झाली होती, पण तो वेळेत धरला आणि तो शाबूत आहे. त्यानंतर पुष्कळ इंजेक्शनं झाली. मी दोन वर्षांपूर्वी बदली होऊन नाशिकला आले. फोनवर त्या अजून महिन्याचा हिशोब देतात: या महिन्यात चार झाल्या, त्यातली एकच बरी. प्राध्यापकांनी दुसरी कादंबरी अजून लिहिलेली नाही. महिन्यातून एकदा कामठीला जातात, गिरजाबाईंना मुलीच्या घराबाहेर आणून, जिथं मागांचा आवाज कमी येतो अशा जागी बसून बोलतात. त्यांच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तो दोनचा आकडा आहे तसाच आहे. सिस्टरनी तो बदलला नाही आणि प्राध्यापकांनीही तो बदला असं कधी म्हटलं नाही.

मला मात्र त्या मे महिन्यातली ती सकाळच जास्त आठवते.

दवाखान्यात आम्ही तिघं, एक कुबड्यांवर, एक घाबरलेली आणि एक गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत बसलेले. सिस्टरनी दहावी कादंबरी सोबत घेतली होती. निम्मी झाली होती. आत बोलावायच्या आधी डोळ्यांत थेंब घालून तासभर बसवतात. बाकावर तसे थेंब घातलेले सहा-सात म्हातारे-म्हाताऱ्या ओळीनं बसले होते, कोणालाच नीट काही दिसत नव्हतं. सिस्टरनी माझा हात घट्ट धरला. त्यांची बोटं त्या दिवशी माझी नाडी बघत नव्हती, नुसती धरून होती.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी हळू आवाजात सुरुवात केली. एका बाईला माहेरी जायची बस गाठायची आहे, आणि नेमका त्याच वेळी पंधरा वर्षं न बोललेला भाऊ दारात येऊन उभा राहतो. त्याच्या खिशात एक पत्र आहे. दोन पानं झाल्यावर पलीकडचे एक आजोबा म्हणाले, "थोडं मोठ्यानं वाच ना बाई." मी आवाज वाढवला. एक आजी आपली पिशवी उचलून जवळच्या खुर्चीवर आली. प्राध्यापक किल्ली फिरवायचे थांबले. भाऊ दारातच उभा, बाई म्हणते बस सुटेल, तो म्हणतो एक मिनिट, खिशात हात घालतो...

आणि सिस्टरचं नाव पुकारलं.

त्या उठल्या. पदर सारखा केला. नर्सनं दंडाला धरलं तर म्हणाल्या, "मी येते माझी माझी." दारापर्यंत गेल्या आणि तिथं थांबल्या. मला वाटलं, परत येतात आता. त्या वळल्या, थेंबांनी बाहुल्या मोठ्या झालेल्या, काही न दिसणाऱ्या डोळ्यांनी साधारण आमच्या दिशेनं बघितलं आणि वॉर्डात घुमेल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मी येईस्तोवर पुढं वाचायचं नाही!"

दार बंद झालं.

मी पानात बोट घालून बसले. पलीकडचे आजोबा म्हणाले, "एकच ओळ वाच, पत्रात काय आहे तेवढं." आजी त्यांना म्हणाल्या, "ऐकलं नाही का तुम्ही? थांबा." प्राध्यापक उठून दोनदा त्या दारापर्यंत जाऊन आले. सात-आठ माणसं, ओळीनं, ओल्या डोळ्यांनी, एका बंद दाराकडे तोंड करून बसली होती. एका आजोबांना आत बोलावलं तर ते म्हणाले, "माझा नंबर नंतर घ्या."

किती वेळ गेला ठाऊक नाही. दार उघडलं. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, आणि चालणं तेच, आवाज न करणारं. यावेळी मात्र त्यांनी नर्सला दंड धरू दिला होता. त्या माझ्या शेजारी बसल्या. हात थंडगार होता.

"दुखलं?" मी विचारलं.

"सांगते मग." त्यांनी मोठा श्वास घेतला आणि बाकाला पाठ टेकली. "हं. कुठं होतो आपण?"

आणि सगळे एकदम बोलायला लागले. "भाऊ दारात आहे!" "बस सुटून राहिली तिची!" "नाही नाही, सुटली नाही अजून, त्यानं खिशात हात घातला, पत्र काढायचं आहे!" "पत्र कोणाचं ते नाही समजलं, ही वाचूनच नाही राहिली!"

"एकेकानं बोला," सिस्टर म्हणाल्या. "अन् तू वाच वं."

मी पानातून बोट काढलं आणि वाचायला लागले.